‘क्विझ’चा सातबारा

प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम शाळेत असो की कॉलेजात, एक प्रश्न सूत्रसंचालकाच्या यादीत हमखास असतो: ‘क्विझ’ हा शब्द इंग्रजीत कुणी आणला? एखादा चुणचुणीत स्पर्धक लगेच बझर दाबतो आणि सांगतो, “डब्लिनच्या नाटकगृहाचा चालक रिचर्ड डेली.” टाळ्या पडतात, गुण मिळतात, खेळ पुढे सरकतो.

उत्तरामागची गोष्ट मोठी रंगतदार आहे. साल 1791, गाव आयर्लंडमधलं डब्लिन. मित्रांच्या बैठकीत डेलीनं पैज मारली, की ज्याला काहीही अर्थ नाही असा एक शब्द मी चोवीस तासांत अख्ख्या शहराच्या तोंडी बसवून दाखवतो. रात्री नाटक सुटल्यावर त्यानं नोकरांच्या हाती खडू दिले. पहाटेपर्यंत भिंती, दारं, फळ्या, जिथे जागा मिळेल तिथे चार अक्षरं उमटली: क्यू, यू, आय, झेड. सकाळी जो तो दुसऱ्याला विचारायला लागला, हे काय आहे? याचा अर्थ काय? सगळं शहर ज्याच्याबद्दल प्रश्न विचारत सुटलं, त्या शब्दाचा अर्थच मग ‘प्रश्न विचारणं’ असा होऊन बसला. डेली पैज जिंकला.

गोष्टीत माणसाचं नाव आहे, गाव आहे, साल आहे. डेली हा माणूसही खरा. डब्लिनचं स्मॉक अ‍ॅली नाटकगृह त्यानं चालवलं होतं. एवढं असूनही ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश हा शब्द कुठून आला ते अनिश्चित आहे, असंच म्हणतो. नावगाव असलेली गोष्ट कोशकार का मानत नाहीत? आणि ज्याचा जन्म ठाऊक नाही, त्या शब्दाचं पुढचं आयुष्य त्यांना एवढ्या बारकाईनं कसं सांगता येतं?

## फेरफार दाखवा

गावात जमिनीचा वाद निघाला, की दोन्ही बाजूंकडे गोष्टी तयार असतात. हे शेत आमच्या पणजोबांना अमक्या सरदारानं बक्षीस दिलं, असं एक जण सांगतो. तलाठी ऐकून घेतो, पण सातबारा उघडून विचारतो ते फेरफाराबद्दल. कोणत्या साली, कुणाच्या नावावर, कशाच्या आधारे जमीन लागली? पणजोबांची गोष्ट खोटी असेलच असं नाही, पण ती नोंदीशी जुळायला हवी. शब्दांची मुळं शोधणाऱ्या अभ्यासकांचं काम याच रीतीनं चालतं. त्यांच्या दृष्टीनं फेरफार म्हणजे तो शब्द कुणीतरी वापरलेला आणि साल ठाऊक असलेला कागद. पत्र, रोजनिशी, वर्तमानपत्र, कादंबरी, दुकानाची जाहिरात, काहीही चालतं.

इंग्रजी शब्दांच्या अशा नोंदींची सर्वांत मोठी वही म्हणजे ऑक्सफर्डचा कोश. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत 1857 साली त्याची कल्पना पुढे आली. पुढे संपादक झालेल्या जेम्स मरी यांनी इंग्रजी वाचणाऱ्या सगळ्यांनाच आवाहन केलं: पुस्तक वाचताना लक्षवेधी शब्द दिसला, तर तो ज्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य, पुस्तकाचं नाव, पान आणि साल एका चिठ्ठीवर उतरवून आमच्याकडे पाठवा. देशोदेशींहून लाखो चिठ्ठ्या आल्या. मरी यांच्या ऑक्सफर्डमधल्या घराच्या बागेत पत्र्याची एक खोली होती. तिच्या भिंतींना लावलेल्या शेकडो कप्प्यांत त्या चिठ्ठ्या आधी अक्षरवार, मग शब्दवार आणि शेवटी सालवार लागायच्या. कोशाचा पहिला भाग 1884 साली निघाला आणि शेवटचा 1928 साली. क्यू हे अक्षर विल्यम क्रेगी यांच्या वाट्याला आलं होतं. तो भाग 1902 साली छापून झाला. क्यूच्या घरातले बहुतेक शब्द लॅटिनमधून, बरेचदा फ्रेंचच्या वाटेनं आलेले, म्हणजे आईबाप माहीत असलेले. त्या घरात ‘क्विझ’ मात्र एकटा.

या कोशाची शिस्त साधी आहे. शब्दाचे जितके अर्थ, तितके गट करायचे आणि प्रत्येक गटात सापडलेला सर्वांत जुना वापर सगळ्यांच्या वर छापायचा. त्यामुळे दोन गोष्टी लख्ख दिसतात. शब्द निदान कधीपासून भाषेत आहे ही एक, आणि कोणता अर्थ आधीचा, कोणता मागाहूनचा ही दुसरी. डेलीची गोष्ट नेमकी या दोन्ही ठिकाणी अडते.

## पैजेच्या आधीचा कागद

फॅनी बर्नी ही त्या काळातली नामांकित कादंबरीकार. ‘एव्हलिना’ या 1778 सालच्या कादंबरीनं तिचं नाव लंडनभर झालं होतं. 24 जून 1782 या तारखेखाली तिनं आपल्या रोजनिशीत एका गृहस्थाविषयी लिहिलं आहे, की हा मोठा मजेशीर ‘क्विझ’ आहे आणि मला तो आवडतो. पैजेच्या आधी नऊ वर्षं. शिवाय तिनं शब्दाचा अर्थ सांगितलेला नाही, म्हणजे वाचणाऱ्याला तो कळेल असं तिनं धरून चाललं होतं.

इथे एखादा चिकित्सक वाचक हरकत घेईल आणि ती रास्त आहे. बर्नी 1840 साली वारली. तिची रोजनिशी छापली जायला 1842 साली सुरुवात झाली, आणि म्हातारपणी तिनं स्वतः आपल्या जुन्या कागदांवर बराच हात फिरवला होता. मग हा शब्द 1782चा की नंतर घातलेला? नुसत्या या एका कागदावर सगळा निवाडा टाकायला मीही कचरलो असतो. पण डेलीच्या विरोधात याहून भक्कम पुरावे आहेत.

एक तर गोष्ट सांगणाऱ्यांचं आपसांत जुळत नाही. कुणी चोवीस तास म्हणतो, कुणी अठ्ठेचाळीस. कुणाच्या गोष्टीत खडू घेऊन नाटकगृहाचे नोकर निघतात, कुणाच्या गोष्टीत रस्त्यावरची पोरं. खऱ्या घटनेतही तपशील असे सरकतात, हे मान्य. पण अख्खं शहर ज्यानं हलवलं त्या प्रकाराचा त्या वेळचा एकही कागद पुढे आलेला नाही. शब्दकोशात ही गोष्ट पहिल्यांदा दिसते ती 1836 साली, बेंजामिन स्मार्ट यांनी जुन्या वॉकरच्या कोशाची जी सुधारलेली आवृत्ती काढली तिच्यात. म्हणजे घटनेनंतर पंचेचाळीस वर्षांनी. आणि 1840च्या आवृत्तीतून ती काढून टाकलेली आहे. चारच वर्षांत संपादकाला तिचा भरवसा वाटेनासा झाला, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

मला सगळ्यांत वजनदार वाटतो तो मुद्दा मात्र अर्थाचा आहे. गोष्टीनुसार शब्द जन्मला त्याच सकाळी त्याला ‘प्रश्न’ हा अर्थ चिकटला. प्रत्यक्षात 1790च्या आसपासचे कागद चाळले, तर ‘क्विझ’ म्हणजे प्रश्न, ‘क्विझ’ म्हणजे परीक्षा असं कुणीही म्हणताना दिसत नाही. तो अर्थ कागदावर यायला आणखी अर्धशतक जावं लागलं. गोष्ट रचणाऱ्याला आपल्या काळातला अर्थ ठाऊक होता आणि त्यानं तो मागे नेऊन 1791च्या डब्लिनमध्ये ठेवला. शब्दांच्या बहुतेक दंतकथा अशाच पकडल्या जातात. त्यांच्यात सालं बरोबर असू शकतात, माणसं खरी असू शकतात, पण शब्दाचा अर्थ नंतरच्या काळातला असतो.

## हॅट, भिंग आणि दोरीवरचं चाक

मग आधी ‘क्विझ’ म्हणजे काय होतं? बर्नीच्या वाक्यातून कळतं तेच: चारचौघांत वेगळा दिसणारा, ज्याच्याकडे पाहून हसू यावं असा विक्षिप्त माणूस. फ्रान्सिस ग्रोस यांच्या बाजारू इंग्रजीच्या कोशाच्या 1811च्या आवृत्तीतही हाच अर्थ आहे आणि पुढे ‘ऑक्सफर्ड’ अशी खूण आहे, म्हणजे ही त्या विद्यापीठातल्या पोरांची भाषा होती. कॉलेजातली पोरं एखाद्या अजागळ प्राध्यापकाला जे नाव ठेवतील, त्या जातीचा हा शब्द.

माणसावरून तो वस्तूंवर गेला. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’त जॉन थॉर्प नावाचा एक बढाईखोर तरुण आहे. बऱ्याच दिवसांनी आई भेटते, तेव्हा तिच्या डोक्यावरची हॅट पाहून हा चिरंजीव त्या हॅटला ‘क्विझ’ म्हणतो आणि तिच्यामुळे तू म्हाताऱ्या चेटकिणीसारखी दिसतेस असं ऐकवतो. कादंबरी ऑस्टिनच्या मृत्यूनंतर 1817च्या अखेरीस छापली गेली, पण मूळ लेखन 1790च्या दशकाच्या शेवटचं. त्या काळात हा शब्द तरुणांच्या तोंडी कसा खेळत होता, ते या एका प्रसंगात दिसतं.

त्याच सुमारास शब्दाचं क्रियापद झालं. ‘क्विझ’ करणं म्हणजे एखाद्याची टर उडवणं, चेहरा गंभीर ठेवून त्याची फिरकी घेणं. आणि पाठोपाठ आणखी एक छटा आली: एखाद्याकडे खोचकपणे, वरपासून खालपर्यंत निरखून पाहणं. या छटेची एक वस्तूच शिल्लक आहे. ‘क्विझिंग ग्लास’ म्हणजे मूठ लावलेलं एकच गोल भिंग. मुठीच्या टोकाला कडी असायची, कडीत रेशमी फीत किंवा साखळी ओवून ते गळ्यात अडकवलेलं असायचं. मेजवानीला कुणी नवखा आला, की झोकात राहणारे पुरुष आणि स्त्रियाही ते भिंग बोटांत धरून डोळ्यासमोर न्यायचे आणि त्याला न्याहाळायचे. डोळ्याच्या खोबणीत अडकवायचा एकभिंगी चष्मा निराळा, आणि दांडी लावलेला दुहेरी चष्माही निराळा. क्विझिंग ग्लासनं नीट दिसायचं हे खरं, पण समोरच्याला आपण पाहतो आहोत हे कळावं, हाही ते डोळ्याला लावण्यामागचा एक हेतू होता.

याच नावाचं एक खेळणंही होतं. मध्ये खाच असलेलं लाकडी चाक, खाचेत गुंडाळलेली दोरी, हात झटकला की चाक खाली जाऊन परत वर येणार. आज आपण त्याला यो-यो म्हणतो. 1790च्या सुमारास ते इंग्लंड-आयर्लंडमधल्या मोठ्या माणसांचं वेड होतं. कवी टॉमस मूर यांच्या रोजनिशीत एक आठवण नोंदलेली आहे: आयर्लंडच्या संसदेच्या एका समितीत वेलस्ली नावाचा तरुण सदस्य बैठक चालू असताना सारा वेळ ‘क्विझ’ खेळत बसला होता. हाच पुढे नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्याआधी 1803 साली तो आपल्याकडे आला होता. अहमदनगरचा किल्ला आणि असईची लढाई मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. खेळण्याला हे नाव कशावरून पडलं? मोठ्या माणसांच्या हातात ते विचित्र दिसायचं म्हणून पडलं असावं, असा तर्क आहे.

विक्षिप्त माणूस, चेष्टा, भिंग, खेळणं. चारही जागी हसू आहे, प्रश्न कुठेच नाही. आजच्या इंग्रजीत या जुन्या घराची एकच खोली उरली आहे. ‘क्विझिकल’ चेहरा म्हणजे थोडा मिश्कील, थोडा गोंधळलेला, भुवई उंचावलेला चेहरा.

## प्रश्नाशी गाठ अमेरिकेत पडली

‘क्विझ’चा प्रश्नाशी संबंध दाखवणारे जुने कागद अमेरिकेतले आहेत आणि ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचे आहेत. 1847 सालच्या एका नोंदीत स्पेलिंगही वेगळं दिसतं: शेवटी झेड नाही, ‘ईएस’ आहे. या स्पेलिंगवरून एक तर्क निघाला. जुन्या काळी लॅटिन शिकवणाऱ्या शाळांत तोंडी परीक्षेचा पहिला प्रश्न असायचा ‘क्वि एस?’, म्हणजे ‘तू कोण?’ त्यावरून मुलं परीक्षेलाच ‘क्विएस’ म्हणायला लागली असतील, आणि तोच पुढे ‘क्विझ’ झाला असेल.

तर्क आकर्षक आहे, पण एक धोका लक्षात घ्यावा लागतो. लिहिणाऱ्याच्या मनात आधीच ‘हा शब्द लॅटिन असणार’ असं आलं, तर तो स्पेलिंग तसंच करेल. म्हणजे स्पेलिंग हा मुळाचा पुरावा असू शकतो, तसाच तो लिहिणाऱ्याच्या समजुतीचाही पुरावा असू शकतो. एका नोंदीवरून कोणता ते ठरवता येत नाही.

दुसरी शक्यता मला जास्त पटते. ती अशी, की शब्द नवा नव्हताच. चेष्टेचा जुना ‘क्विझ’च प्रश्नाच्या घरात शिरला. कसा? दोन पायऱ्या धरून पाहू. फिरकी घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग कोणता? गंभीर चेहऱ्यानं एकामागून एक प्रश्न विचारणं. आणि भिंगातून निरखणं म्हणजे तरी काय? समोरच्याची तपासणीच. चेष्टा आणि तपासणी या दोन्हींतून प्रश्नापर्यंत पोचायला फार चालावं लागत नाही. त्यात भर पडली आवाजाची. इंग्रजी कानावर ‘क्वि’ किंवा ‘क्वे’ पडलं, की ‘क्वेश्चन’, ‘क्वेरी’, ‘क्वेस्ट’, ‘इन्क्वायरी’, ‘इन्क्विझिटिव्ह’ ही सारी भावकी जागी होते. हे सगळे शब्द लॅटिनमधल्या ‘क्वाएरेरे’ म्हणजे ‘शोधणं’ या एका क्रियापदातून निघाले आहेत. ‘क्वेरी’ तर मुळात आज्ञार्थ होता: ‘शोध घे’. हस्तलिखितात एखादा मजकूर शंकास्पद वाटला, की पंडित समासात तो शब्द लिहून ठेवायचे. अशा गर्दीत रक्ताचं नातं नसलेला, पण आवाजानं शोभणारा शब्द आला, तर बोलणारे त्याला त्याच घरातला धरून वापरायला लागतात. ‘क्विझ’च्या अर्थावर ‘इन्क्विझिटिव्ह’ची छाया पडली असावी, असं कोशकारही म्हणतात.

शब्द रुजला तो मुख्यतः वैद्यकीय महाविद्यालयांत. त्या काळच्या अमेरिकेत डॉक्टरकीचे विद्यार्थी भल्या मोठ्या वर्गात बसून व्याख्यानं ऐकायचे. हाडांची, स्नायूंची, नसांची शेकडो नावं नुसती ऐकून डोक्यात राहत नाहीत. म्हणून संध्याकाळी एखादा तरुण डॉक्टर पाचपंचवीस मुलं गोळा करायचा आणि फी घेऊन त्यांच्यावर तोंडी प्रश्नांचा मारा करायचा. हा ‘क्विझ क्लास’, आणि घेणारा ‘क्विझ मास्टर’. आज मंचावर कोट घालून उभा राहणारा क्विझ मास्टर हे पद मुळात अशा शिकवणीच्या मास्तरांचं आहे.

मानसशास्त्रात पुढे मोठं नाव कमावलेले विल्यम जेम्स हार्वर्डमध्ये वैद्यकाचे विद्यार्थी होते. डिसेंबर 1867मध्ये, पंचविशीत, युरोपातून लिहिलेल्या एका पत्रात ते पोटापाण्याचा विचार करताना दिसतात. मासिकांत परीक्षणं लिहावीत, आणि शरीररचना आणि शरीरक्रिया या विषयांचे ‘क्विझेस’ घ्यावेत, असा त्यांचा बेत होता. पत्रात त्यांनी शब्दाभोवती अवतरणचिन्हं घातली आहेत. सभ्य लिखाणात शब्द अजून पुरता बसला नव्हता, हे त्या दोन चिन्हांतून कळतं.

### चौकट: विचारणाऱ्या शब्दांची मराठी भावंडं

‘क्विझ’चं गोत्र लागत नाही, पण प्रश्न विचारण्याच्या इतर इंग्रजी शब्दांचं लागतं, आणि ते थेट आपल्या दारात येतं. इंग्रजी, लॅटिन आणि संस्कृत या तिन्ही भाषा एकाच प्राचीन भाषेतून फुटलेल्या आहेत.

‘आस्क’ हा अस्सल जुना इंग्रजी शब्द. त्याचा मूळ धातू ‘हवंसं वाटणं’ या अर्थाचा. त्याच धातूचं संस्कृत रूप ‘इच्छति’, म्हणजे आपली ‘इच्छा’. विचारणं आणि मागणं या दोन्हींसाठी इंग्रजीत ‘आस्क’ का चालतो, ते यावरून कळतं.

‘प्रे’, म्हणजे प्रार्थना करणं, हा लॅटिन ‘प्रेकारी’वरून आला. त्याचं संस्कृत भावंड ‘पृच्छति’. त्यातून ‘पृच्छा’, आणि प्राकृत ‘पुच्छइ’च्या वाटेनं मराठी ‘पुसणं’. ‘प्रश्न’ही त्याच घरातला.

‘हू’ आणि ‘व्हॉट’ यांच्या सुरुवातीला फार पूर्वी ‘क’सारखा आवाज होता. लॅटिनमध्ये ‘क्विस’ आणि ‘क्विड’, संस्कृतात ‘कः’ आणि ‘किम्’, मराठीत ‘कोण’ आणि ‘काय’. ‘क्वि एस’चा तर्क उद्या खरा ठरला, तर ‘क्विझ’ही ‘कोण’चा चुलतभाऊ निघेल.

## रेडिओनं वर्गातून बाहेर काढलं

वर्गातल्या छोट्या चाचणीचा करमणुकीचा खेळ झाला तो अमेरिकन रेडिओमुळे. 1936 साली ‘प्रोफेसर क्विझ’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. नाव शिकवणीच्या मास्तरांचं, काम मात्र श्रोत्यांना रिझवण्याचं. दोन वर्षांनी ‘इन्फर्मेशन प्लीज’नं बाजू उलटवली: श्रोत्यांनी प्रश्न पाठवायचे, तज्ज्ञांनी उत्तरं द्यायची, आणि तज्ज्ञ हरले तर पैसे श्रोत्याला. मंदीच्या काळात रेडिओला असे खेळ परवडायचे. लेखक नको, नटसंच नको, आणि ऐकणारा घरबसल्या उत्तर पुटपुटत सामील व्हायचा.

टीव्हीच्या पडद्यावर पैसा आला आणि त्याबरोबर लबाडीही आली. अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवरच्या ‘ट्वेंटी-वन’ या कार्यक्रमात स्पर्धकांना काचेच्या बंद खोलीत उभं करत. हर्ब स्टेम्पल आठवड्यामागून आठवडे जिंकत होता. निर्मात्यांना आता देखणा, विद्यापीठात शिकवणारा चार्ल्स व्हॅन डोरेन जिंकायला हवा होता. प्रश्न आणि उत्तरं आधीच दिली जायची. कपाळ कधी पुसायचं, ओठ कधी चावायचा, हेही शिकवलं जायचं, आणि घाम फुटावा म्हणून खोलीतला गारवा बंद ठेवला जायचा. डिसेंबर 1956मध्ये स्टेम्पलला आदल्या वर्षीच्या ऑस्करविजेत्या चित्रपटाचं नाव विचारलं. उत्तर ‘मार्टी’. त्यानं तो चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिला होता. सांगितल्याप्रमाणे त्यानं चुकीचं नाव घेतलं आणि तो हरला. नोव्हेंबर 1959मध्ये व्हॅन डोरेननं अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सगळं कबूल केलं, आणि 1960 साली असे कार्यक्रम आधीच ठरवून खेळवणं कायद्यानं गुन्हा ठरलं.

या प्रकरणानं खेळाचं रूपच बदललं. प्रश्नमंजूषांवरून लोकांचा विश्वास उडाला होता. निर्माता मर्व्ह ग्रिफिनला त्याची पत्नी जुलॅन हिनं सुचवलं, की स्पर्धकांना उत्तरं देण्यावरून एवढा गदारोळ झाला, तर मग सरळ उत्तरंच द्यावीत आणि प्रश्न त्यांना ओळखायला लावावा. ‘पाच हजार दोनशे ऐंशी’ असं सांगायचं, समोरच्यानं ‘एका मैलात किती फूट?’ असं म्हणायचं. मार्च 1964मध्ये ‘जेपर्डी’ सुरू झालं आणि ते आजही चालू आहे.

इंग्लंडमध्ये हा खेळ वेगळ्या अंधारातून आला. बिल राइट दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात होते. ते जर्मनांच्या कैदेत सापडले आणि गेस्टापोनं त्यांची चौकशी केली. कैदी सैनिकानं तीनच गोष्टी सांगायच्या असतात: नाव, हुद्दा, क्रमांक. पुढे बीबीसीत निर्माते झाल्यावर त्यांनी त्याच अनुभवातून कार्यक्रम उभा केला. काळोख, मध्ये एक काळी खुर्ची, तिच्यावर प्रकाशाचा झोत, आणि पहिले प्रश्न तीन: नाव, व्यवसाय, तुमचा खास विषय. 1972 साली सुरू झालेला तो ‘मास्टरमाइंड’. चेष्टेसाठी जन्मलेल्या शब्दाच्या खेळानं इथे थेट तुरुंगातल्या चौकशीचा साज घेतला, आणि पाहणाऱ्यांना तो मनापासून आवडला.

## आपल्याकडे

भारतात खुली क्विझ पहिल्यांदा घेतली ती नील ओब्रायन यांनी, 1967 साली कोलकात्यात. 1972 साली बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट सुरू झाली. आधी हमीद सयानी आणि 1975मध्ये ते गेल्यावर त्यांचे धाकटे बंधू अमीन सयानी, असे दोन आवाज त्या कार्यक्रमाशी जोडले गेले आणि रविवारी रेडिओजवळ बसणाऱ्या एका पिढीला ‘क्विझ’ हा शब्द त्यांच्याकडून मिळाला. 1985 साली सिद्धार्थ बसू यांनी दूरदर्शनवर ‘क्विझ टाइम’ आणला, कॉलेजांच्या संघांसाठी. तोपर्यंत हा खेळ इंग्रजी शाळा-कॉलेजांच्या चौकटीतच होता.

चौकट मोडली ती 3 जुलै 2000 रोजी. ‘कौन बनेगा करोडपती’ हिंदीत होता, त्यात संघ नव्हते, बझरची मारामारी नव्हती, आणि चार पर्याय समोर होते. ब्रिटिश कार्यक्रमाची ही भारतीय आवृत्ती घडवण्यात पुन्हा सिद्धार्थ बसूच होते. चार पर्यायांमुळे घरातल्या आजीलाही ‘ब’ वाटतंय असं म्हणता यायला लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिला करोडपती झाला तो मुंबईचा हर्षवर्धन नवाथे, नागरी सेवा परीक्षेचा अभ्यास करणारा मराठी तरुण. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिका आणि सामान्य ज्ञानाची पुस्तकं घोकणाऱ्या राज्यभरातल्या पोरांना तो आपल्यातलाच वाटला, यात नवल नाही. मराठीत हा खेळ यायला 2013 उजाडलं. ‘कोण होईल मराठी करोडपती’चं सूत्रसंचालन सचिन खेडेकरांनी केलं.

अलीकडे शब्दानं आणखी एक वळण घेतलं आहे. शाळेच्या सूचनाफलकावर आणि प्रशस्तिपत्रावर ‘प्रश्नमंजूषा स्पर्धा’ असंच लिहिलेलं असतं. पण कोरोनाच्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, तेव्हा शिक्षक व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर गूगल फॉर्मची लिंक टाकायचे आणि खाली लिहायचे: आजची क्विझ सोडवा. तिथे मंच नाही, प्रतिस्पर्धी नाही, बक्षीस नाही. धडा वाचला की नाही एवढं पाहायला दहा प्रश्न, आणि गुण मोजणारं यंत्र. विल्यम जेम्स ज्या कामातून चार पैसे मिळवायचा विचार करत होते ते नेमकं हेच, आणि ती लिंक पाठवणारे बाई-गुरुजी त्याच जुन्या अर्थानं क्विझ मास्टर आहेत.